गिअर बॉक्समधला खिळा

गाडी टेम्पोवरून खाली उतरायच्या आधीच करुणाच्या मनात पाल चुकचुकली. मालकाचा माणूस गाडीबरोबर आला, इथवर ठीक होतं. पण त्यानं गाडीकडं बघायच्या आधी खिशातून फोन काढला आणि शेडचे पत्रे, टेबलावरचे पाने, भिंतीवरचं कॅलेंडर आणि शेवटी खुद्द तिचा चेहरा, सगळं चित्रित करायला सुरुवात केली.

"हे काय चाललंय?" तिनं विचारलं.

"रेकॉर्ड राहिलेलं बरं, ताई. जुन्या गाडीत ओरिजिनल पार्ट असतात. मागून वाद नको."

करुणानं स्वतःचा फोन काढला, रॅकवर ग्रीसच्या डब्याला टेकवून उभा केला आणि त्याचा कॅमेरा चालू केला. "मग माझंबी राहू द्या," ती म्हणाली, आणि हातमोजे चढवले.

शंका घेणं ही करुणा वाहुळची एके काळी नोकरीच होती. वाळूजच्या एका कारखान्यात वीस वर्षं ती तपासणी विभागात होती. समोरून गिअर जायचे, ती एकेक उचलून मापाच्या गेजला लावायची, आणि केसाइतका जरी फरक वाटला तरी लाल डब्यात टाकायची. वरच्या साहेबांनी डोळे वटारले तरी तो गिअर डब्यातून बाहेर यायचा नाही. वीस वर्षांत ही सवय हाडात मुरली. भाजीवालीच्या काट्याकडं ती गेजकडं बघावं तसं बघायची. "दूधवाला आपल्या दारात येताना आधी देवाचं नाव घेतो," असं तिचा नवरा इंद्रजीत चारचौघांत सांगायचा.

मग कारखान्यानं ती लाईनच बंद केली. एक्केचाळीसाव्या वर्षी ती घरी बसली. गिअरचे दात मोजता येत होते, धातू ओळखता येत होता, पण आख्खा गिअर बॉक्स तिनं कधी उघडला नव्हता. शहरातली सात गॅरेजं ती फिरली. बाईमाणसाला कुणी दारात उभं केलं नाही. आठव्या ठिकाणी, औरंगपुऱ्याच्या एका बोळात, सांडू मिस्त्रीनं तिला आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. "व्हर्निअर वाचता येतं का?" बारीक मापाच्या त्या पट्टीबद्दल एवढंच विचारलं, आणि स्वतःचं स्टूल तिच्याकडं सरकवलं. दोन वर्षं ती त्या बोळात शिकली. मग मुकुंदवाडीत तिनं स्वतःची शेड टाकली. आता लोक जालन्याहून, बीडहून गिअर बॉक्स घेऊन तिच्याकडं येत.

आजची गाडी मात्र रोजच्यातली नव्हती. साठ वर्षांपूर्वीची, विलायती बनावटीची, दोन सीटची, उघड्या टपाची लाल गाडी. मालक फुलंब्रीचे तात्यासाहेब तुपे. बरोबर आलेला चाळिशीतला गोकुळ हा त्यांचा पुतण्या. तात्यासाहेबांना मूल म्हणजे एक मुलगी, ती नाशिकला, त्यामुळं घरचा सगळा कारभार गोकुळच बघायचा.

"नेमकं काय झालं?" करुणानं विचारलं.

"चार दिवस झाले. तात्या आवारात फिरवत होते. गेटापाशी रिव्हर्स टाकायला गेले आणि अडकली ती अडकलीच. पुढं नाय, मागं नाय. टेम्पोत घालताना मागची चाकं उचलूनच आणावी लागली."

"त्याआधी बॉक्स कुणी उघडला होता?"

"तीन वर्षांपूर्वी. औरंगपुऱ्यातल्या सांडू मिस्त्रीनं." गोकुळनं ते नाव असं उच्चारलं, जणू तोंडात खडाच आला. "त्यानंतर कुणी हातसुद्धा लावला नाय."

करुणाचा हात क्षणभर थांबला. मिस्त्री आपले गुरू आहेत, हे ती बोलली नाही. का बोलली नाही, ते तिलाही नीट कळलं नाही. हा माणूस काय काय बोलतो ते आधी ऐकून घ्यावं, असं तिला वाटलं असावं.

तिनं कामाला सुरुवात केली. क्लच दाबून इंजिन चालू केलं. ते लगेच लागलं, आवाजही स्वच्छ. क्लच हळूच सोडला तसं इंजिन गदगदलं आणि बंद पडलं. पुन्हा क्लच दाबून धरला आणि गोकुळला मागून ढकलायला सांगितलं. गाडी तसूभर हलली नाही. क्लच दाबला म्हणजे इंजिनाची आणि गिअर बॉक्सची फारकत झाली. तरीही चाकं फिरत नाहीत, म्हणजे दोष इंजिनात नाही आणि क्लचमध्येही नाही. मग पुढच्या चाकांना विटा लावून तिनं मागची बाजू जॅकवर उचलली, हँडब्रेक सोडला आणि खाली शिरून प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट काढले. गिअर बॉक्सकडून चाकांकडं जाणारा तो लांब दांडा सुटला तशी मागची दोन्ही चाकं हातानं गरागरा फिरली.

"ब्रेक ठीक, मागचं डिफरन्शियल ठीक," ती गाडीखालून म्हणाली. "बॉक्समध्येच आहे जे काय आहे ते."

गोकुळ फोन घेऊन खाली वाकला. "हा बोल्ट कुठं ठेवला? चार होते ना?"

"चारच आहेत. ट्रेमध्ये. मोजा."

त्यानं खरंच मोजले.

सीटच्या मधला पत्रा काढून तिनं बॉक्सचं वरचं झाकण उघडलं. झाकण उचलून बाजूच्या बाकावर ठेवलं आणि टॉर्च आत धरला. आत तीन रॉड शेजारी शेजारी होते. ड्रायव्हर गिअरचा दांडा हलवतो तेव्हा यांतला एक रॉड पुढंमागं सरकतो आणि आपापला गिअर जोडतो. एका वेळी एकच. इथं मात्र दोन रॉड सरकलेले होते. दुसरा गिअरही पडलेला आणि रिव्हर्सही. एक म्हणतोय पुढं चल, दुसरा म्हणतोय मागं. बॉक्स जागच्या जागी जाम झाला होता.

लाकडी हातोडीनं हलकेच ठोकून तिनं रिव्हर्सचा रॉड मध्यावर आणला. खट् आवाज झाला आणि शाफ्ट हातानं फिरू लागला.

"झालं?" गोकुळ हरखला.

"अडकलेलं सुटलं. का अडकलं ते राहिलं."

दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून त्या रॉडांच्या मध्ये बोटाच्या पेराएवढीही नसलेली इंटरलॉकची एक पोलादी पिन असते. एक रॉड हलला की ती पिन शेजारच्याच्या खाचेत शिरते आणि त्याला जागेवर धरून ठेवते. करुणानं रॉड बाहेर ओढला, भोकाशी चुंबक धरला. पिन बाहेर आली. तिनं ती कापडानं पुसली, उजेडात धरली.

ती पिन नव्हतीच. खिळ्याचा तुकडा होता. साधा, दारं-खिडक्यांना मारतात तसला. दोन्ही टोकं कानशीनं घासलेली, आणि एक टोक चेपून आखूड झालेलं.

"बघितलंत?" गोकुळचा आवाज चढला. "मी म्हणतच होतो! ओरिजिनल पिन काढून घेतली आणि खिळा ठोकला. अजून काय काय काढलं असंल त्यानं, देव जाणे. ताई, तुम्ही मला लिहून द्या. सांडू मिस्त्रीनं पार्ट बदलला असं, तुमच्या सहीनिशी. आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपवर मी चार दिवसांपूर्वीच टाकलंय की त्याच्यापासून सावध राहा. आता पुरावाच मिळाला."

"पुरावा नसताना टाकलंत?"

"त्याच्या हातून गेलेली गाडी अडकली. अजून काय पाहिजे?"

"उद्या बोलू," करुणा म्हणाली.

घरी जाताना तिला स्वतःचाच राग येत होता. गोकुळनं बोट दाखवलं तेव्हा 'मिस्त्री असं करणार नाहीत' हे शब्द तिच्या जिभेवर आलेच नव्हते. त्याऐवजी तिला मिस्त्रींचा उजवा डोळा आठवला, ज्यातला मोतीबिंदू त्यांनी वर्षभर अंगावर काढला होता. पिन हातातून पडली असेल. दिसली नसेल. मग वेळ मारून नेली असेल. वीस वर्षं ती हेच शिकली होती, की कुणाच्याही हातचा गिअर गेजला लावल्याशिवाय खरा मानायचा नाही. गुरूच्या हातचा का मानायचा?

सकाळी ती औरंगपुऱ्यात गेली. मिस्त्रींच्या गॅरेजात एरवी दोन-तीन गाड्या उभ्या असायच्या. आज फरशी रिकामी होती. मिस्त्री स्टुलावर बसून कोरड्या फडक्यानं कोरडाच पाना पुसत होते. त्यांची बायको सारजाबाई वरच्या खोलीतून खाली आली होती आणि दाराशी लसूण सोलत बसली होती.

"दोघं गाड्या घेऊन गेले, काम अर्धं टाकून," सारजाबाईंनी न विचारताच सांगितलं. "कुणीतरी फोनवर काय तरी लिवलंय म्हणं."

करुणानं खिशातून कागदाची पुडी काढली, उलगडली आणि खिळा मिस्त्रींच्या पुढ्यात धरला. "तुप्यांच्या लाल गाडीत निघाला. इंटरलॉकच्या जागी."

मिस्त्रींनी खिळा बोटांत फिरवला. मग तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तू विचाराया आली का सांगाया?"

करुणाची मान खाली गेली. "विचारायला."

"पन्नास वर्सं झाली मला ह्या धंद्यात. उपाशी ऱ्हायलो, पण कुणाच्या बॉक्सात खिळा नाय घातला. तुप्यांच्या बॉक्सात मी नवी पिन घातली होती, लेथवर काढून, पाणी देऊन कडक केलेली. तुला हे माझ्या तोंडून ऐकायचंय?" त्यांचा आवाज चढला नाही, हेच तिला जास्त लागलं. "बरं, ऱ्हाऊ दे माझं तोंड. झाकणाखालचं पॅकिंग बघितलं का?"

करुणानं पुडीचा रिकामा कागद दुमडला.

"नाय बघितलं. वीस वर्सं तपासणी केली म्हणती. मी पॅकिंग कशाचं कापतो?"

"ऑईल शीटचं. हिरव्या."

"मग जा. आधी पॅकिंग बघ. मग माझ्याकडं ये, नायतर येऊच नको."

ती बाहेर पडली तेव्हा सारजाबाईंनी चहासाठी हाक मारली नाही. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

शेडवर येताच तिनं बाकावरचं झाकण उलटं केलं. काल घाईत, खिळ्याच्या नादात, ते तिनं न बघताच बाजूला ठेवलं होतं. तेल झिरपू नये म्हणून कडेला बसवलेलं पॅकिंग हिरवं नव्हतं. जाडसर पुठ्ठ्याचं होतं, तेल पिऊन काळपट पडलेलं. तिनं ब्लेडनं ते सावकाश सोडवलं, रॉकेलमध्ये बुडवलं आणि टिपकागदावर पसरलं. सोनेरी अक्षरं वर आली. अर्धवट कापलेली, तरी वाचता येत होती. 'चि. सौ. कां. संस्कृ...' आणि खाली, 'दि. २६ एप्रि...' आणि त्याखालच्या ओळीत हेच साल.

तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या झाकणाखाली चार महिन्यांपूर्वीची लग्नपत्रिका कशी जाईल?

आता संशयानं तोंड फिरवलं आणि तो थेट गोकुळवर जाऊन बसला. 'कुणी हातसुद्धा लावला नाय' हे त्याचंच वाक्य. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशातला हा प्रकार दिसत होता. आधी बदनामी करायची, मग सहीचा कागद घ्यायचा, आणि म्हाताऱ्या मिस्त्रीकडून भरपाई उकळायची. नाहीतर त्याहून वाईट. हा बॉक्स आवारात, माणूस चालतो त्या वेगात जाम झाला म्हणून बरं. फुलंब्रीच्या वाटेवरच्या चौक्याच्या घाटात उतारावर मागची चाकं अशी धरली गेली असती तर तात्यासाहेब वाचले असते का? आणि त्यांच्यानंतर सगळं कुणाकडं जाणार होतं? हा विचार आला तशी करुणा थांबली नाही. तिनं पॅकिंग प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, त्याचे सहा फोटो काढले आणि ते नवऱ्याला पाठवून ठेवले. मग गोकुळला फोन लावला.

तो आला तो फोन धरूनच. करुणानं पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवली.

"ही कुणाची पत्रिका?"

गोकुळनं वाचलं. कॅमेऱ्याचा हात खाली आला. "आमच्या संस्कृतीची. तात्यांच्या नातीची."

"तुमच्या घरात पडलेली पत्रिका तुमच्या गिअर बॉक्समध्ये कशी गेली, गोकुळभाऊ? एप्रिलनंतर हे झाकण कुणी उघडलं?"

"म्हणजे मी?" तो ताडकन उठला. "ताई, मला पानासुद्धा धरता येत नाय! मागं एका गॅरेजवाल्यानं आमच्या जीपचं आख्खं इंजिन बदललं, आणि मी बावळटासारखा बघत उभा होतो. तवापासून हा फोन घेऊन फिरतो. मी कशाला..." आणि तो मध्येच थांबला. चेहऱ्यावरचा राग उतरला आणि तिथं काहीतरी वेगळंच आलं. करुणानं वीस वर्षं माणसांपेक्षा धातू जास्त बघितला होता, पण एवढं तिलाही कळलं, की हे सोंग नाही.

"मे महिन्यात आम्ही सगळे चार दिवस नाशिकला गेलो होतो," तो हळू म्हणाला. "तात्या एकटेच घरी होते. यायला नाय म्हणाले."

दुपारी तो तात्यासाहेबांना घेऊन आला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पांढरा सदरा, हातात काठी. करुणानं खुर्ची दिली. ते बसले आणि त्यांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. शाळेतल्या मुलासारखं ते दिसलं, आणि करुणाला त्याचं कारण लगेच कळलं नाही. तिनं खिळा आणि पॅकिंग शेजारी शेजारी ठेवलं. प्रश्न विचारला नाही.

तात्यासाहेबांनी हात बाहेर काढले. ते थरथरत होते. थोडेथोडके नाही, बांगड्या असत्या तर वाजल्या असत्या इतके.

"दीड वर्स झालं," ते म्हणाले. "ह्या घरच्यांनी मला गाडीला हात लावू नका म्हणून सांगितलंय. फकस्त आवारात फिरवायची परवानगी. त्यात तिसरा गिअर निसटाया लागला. गोकुळला सांगितलं असतं तर गाडी कायमची झाकून ठेवली असती. म्हणून ते नाशिकला गेले तवा मीच उघडली. तरुणपणी कैकदा उघडली होती. स्प्रिंग बदलली, सगळं झालं, आन् घालताना ती पिन हातातून सुटली. फरशीवरनं गेली ती मोरीत. दोन दिवस चुंबक घेऊन शोधली. मग खिळा कापला. बसला बी नीट."

"तात्या!" गोकुळच्या तोंडून एवढंच निघालं.

"गाडी अडकली तवा तू सांडूचं नाव घेतलं. मी काय बोललो नाय. एवढंच केलं मी."

गोकुळचे डोळे भरून आले होते. करुणाला म्हाताऱ्याची दया आली, नाही असं नाही, पण तिच्या डोळ्यांपुढं औरंगपुऱ्यातली रिकामी फरशी होती.

"तात्यासाहेब, तुम्ही बोलला नाही म्हणून एका माणसाच्या दारातून दोन गाड्या परत गेल्या," ती म्हणाली. "आणि मीसुद्धा त्यांच्या तोंडावर जाऊन विचारून आले. पिन मी बनवून देते. ते अर्ध्या दिवसाचं काम आहे. मिस्त्रींचं काय करायचं, ते तुम्ही सांगा."

तात्यासाहेबांनी गोकुळकडं हात पुढं केला. "फोन दे. तो ग्रुप काढ."

लिहायला त्यांना जमेना. मग बोलूनच पाठवला निरोप. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते. मी, तात्यासाहेब तुपे, बोलतोय. माझ्या गाडीत खिळा मी घातला. सांडू मिस्त्रीचा यात काडीचा दोष नाय. आमच्या पोरानं लिवलं ते खोटं होतं, आन् ते खोटं आहे हे मला ठाऊक होतं. निरोप गेल्यावर गोकुळनं आपला जुना मजकूर काढून टाकला आणि खाली माफी लिहिली. करुणानं ती तिथंच उभं राहून वाचली, दोनदा. एक शब्द तिनं बदलायलाही लावला. 'गैरसमज' काढून 'माझी चूक' लिहायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिनं लेथवर पिन काढली, तापवून पाणी दिलं, घासून गुळगुळीत केली. एक बसवायची, एक जादा. हिरव्या शीटचं पॅकिंग कापलं. पण झाकण लावलं नाही. सारजाबाईंना फोन करून एवढंच सांगितलं, की बॉक्स उघडा आहे, मिस्त्रींना बघायचा असला तर.

दोन दिवस कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी, साडेअकराच्या सुमाराला, शेडपुढं रिक्षा थांबली. मिस्त्री उतरले. सरळ गाडीपाशी गेले, सीटवर गुडघा टेकवून आत डोकावले आणि बराच वेळ तसेच राहिले.

"मिस्त्री, मी चुकले," करुणा मागून म्हणाली.

"लांबी किती ठेवली?" त्यांनी विचारलं.

तिनं सांगितली.

"जास्त वाटती."

"नाही. तीनदा मोजली."

"जादाची आण."

तिनं दुसरी पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. मिस्त्रींनी सदऱ्याच्या खिशातून स्वतःचा मायक्रोमीटर काढला, चांगल्या डोळ्यापाशी धरला, मोजलं. पुन्हा मोजलं. मग करुणाचा मायक्रोमीटर मागून घेतला आणि त्यानंही मोजलं. करुणा नकळत पायाच्या बोटांवर उभी राहिली होती. कारखान्यात साहेब मागं उभा असतानाही तिचं असं कधी झालं नव्हतं.

"बरोबर हाये," ते शेवटी म्हणाले, काहीसे नाखुशीनंच. "लाव झाकण."

दोघांनी मिळून झाकण बसवलं. मिस्त्रींनी गाडीत बसून क्लच दाबला आणि गिअर टाकून बघितले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, मग दुसऱ्यातून थेट रिव्हर्सला दांडा मुद्दाम रेटला. दांडा गेला नाही. आधी मध्यावर आला, मगच वळला.

गाडी संध्याकाळी फुलंब्रीला गेली. चालवायला गोकुळ होता, शेजारी तात्यासाहेब, आणि कुठला गिअर कधी टाकायचा ते त्यांनी मुकुंदवाडीच्या चौकापासूनच सांगायला सुरुवात केली होती. मिस्त्रींनी मात्र त्यांच्याशी बोलायचं टाळलं. तात्यासाहेब हात जोडून पुढं आले तेव्हा ते पाने पुसत राहिले, आणि "ऱ्हाऊ द्या, साहेब" एवढंच म्हणाले. माफी मागितली म्हणून ती लगेच घ्यायलाच पाहिजे असं थोडंच आहे, असं करुणालाही वाटलं. तिची स्वतःची माफी त्यांनी घेतली की नाही, हे त्यांनी तिलाही सांगितलं नव्हतं.

रिक्षा मिळेपर्यंत ते शेडपुढं बाकावर बसले. करुणानं चहा आणला. त्यांनी कप हातात घेतला, एक घोट घेतला आणि शेडच्या कोपऱ्यात बिनझाकणाच्या पडलेल्या एका ट्रॅक्टरच्या बॉक्सकडं मानेनं खूण केली.

"त्याचं काय झालंय?"

"दुसऱ्यात ओरडतोय. बेअरिंग असावं."

"असावं का हाये?"

"अजून उघडून बघितलं नाही."

"मग बोलू नको," मिस्त्री म्हणाले, आणि कप बाजूला ठेवून बाह्या दुमडू लागले.